तिसऱ्या उसळीच्या आत

शिकाऊ वैमानिकांच्या लँडिंग अपघातांपैकी एक प्रकार ठरलेल्या क्रमाने घडतो. विमान टेकतं, उसळतं, पुन्हा आदळून जास्त उसळतं आणि दोन-तीन उसळ्यांत पुढचं चाक मोडून पंखा धावपट्टीला घासतो. याची सुरुवात मात्र चाकं टेकण्याच्या बरीच आधी झालेली असते.

प्रशिक्षणात जगभर वापरलं जाणारं सेस्ना १७२ घ्या. फ्लॅप पूर्ण उघडून उतरताना त्याचा वेग साधारण ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर असावा लागतो. वेग कमी पडून विमान कोसळेल या धास्तीने नवशिका ७५ नॉट ठेवतो. दहा नॉटांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे जिरवायची ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने जास्त होते. त्यातच पंखांच्या विस्ताराइतक्या, म्हणजे ११ मीटर उंचीच्या आत आलं की हवेचा अडथळा घटतो. विमान तरंगत राहतं, धावपट्टी सरत जाते, चाकं टेकायचं नाव घेत नाहीत. पहिल्या सोलोत तर इन्स्ट्रक्टर शेजारी नसल्याने विमान हलकं असतं. ते आणखी तरंगतं.

इथे धीर सुटतो. शिकणारा कंट्रोल पुढे ढकलून विमान जबरदस्तीने टेकवायला जातो. खरं तर ते आधी मागच्या दोन चाकांवर टेकायला हवं. त्या चाकांचे लवचिक पोलादी पाय धक्का सोसतात. पुढच्या चाकाचा दांडा इंजिनामागच्या फायरवॉलला जोडलेला असतो, त्याच्यात तेवढा दम नसतो. तेच चाक आधी आपटलं की नाक वर फेकलं जातं, पंखांचा हवेशी होणारा कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत जातं. घाबरलेला विद्यार्थी नाक खाली दाबतो. पण त्याचा हात हलेपर्यंत नाक आपणहून खाली येऊ लागलेलं असतं. दोन्ही गोष्टींची भर पडून पुढचा आघात आधीपेक्षा मोठा होतो. हात कितीही चपळ असला तरी ही लय हाताने मोडायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

नजरेचाही यात मोठा वाटा असतो. डोळे नाकापुढच्या डांबरावर खिळले तर उंचीचा अंदाज चुकतो. शेवटच्या क्षणांत धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे पाहिलं की विमान किती खाली आलंय ते कळू लागतं.

मोठी उसळी आली की उपाय एकच, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. पूर्ण थ्रॉटल द्यायचा, नाक सांभाळायचं, फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटायचे. यातही धोका आहेच. उतरताना कंट्रोलवरचा ताण कमी करायला लावलेल्या ट्रिममुळे पूर्ण शक्ती मिळताच नाक वर उसळतं, शिवाय विमान डावीकडे ओढतं. म्हणून कंट्रोल पुढे दाबून धरावा लागतो, उजवा पाय रडरवर ठेवावा लागतो. हे सगळं उंचावर, निवांतपणे, पुन्हा पुन्हा घोटून घ्यायला हवं, तेही सोलोच्या आधी.

आणि विमान जोरात आदळलं असेल तर ते इन्स्ट्रक्टरला आणि मेकॅनिकला सांगायलाच हवं. फायरवॉलच्या पत्र्याला पडलेली सुरकुती बाहेरून सहसा दिसत नाही, आणि तासाभरात त्याच विमानात दुसरा विद्यार्थी बसणार असतो.