लाईट आली की सगळे पंप एकदम का सुरू करू नयेत?



गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की डीपी जळण्याचेही दिवस येतात. डीपी जळाली की दुसरी येईपर्यंत उभं पीक माना टाकतं, आणि सगळा राग सबस्टेशनवर निघतो. तेव्हा आज सबस्टेशनचं काम समजून घेऊ.

सबस्टेशनात वीज तयार होत नाही. ती तयार होते कोयनेला, कोराडीला, चंद्रपूरला. एवढ्या लांबून आणायची तर मोठ्या दाबानं आणावी लागते. दाब जास्त ठेवला की तारेतला प्रवाह कमी राहतो आणि वाटेत नासही कमी होते. गावाजवळच्या सबस्टेशनात ती बहुधा ३३ हजार व्होल्टनं येते. तिथला मोठा ट्रान्सफॉर्मर हा दाब ११ हजारांवर उतरवतो. मग निरनिराळे फीडर निघतात, कुठला गावठाणाचा, कुठला शेतीचा. प्रत्येक फीडरला आपला ब्रेकर असतो. पुढे शिवारात जी डीपी दिसते, ती ११ हजारांचे ४३३ व्होल्ट करते. तुमच्या मोटरला ४१५च्या आसपास मिळायला हवेत.

म्हणजे सबस्टेशननं फीडर चालू केला की त्याचं काम झालं. पुढचा हिशेब डीपीवर.

१०० केव्हीएची डीपी साधारण १३३ अँपिअर पेलते. पाच हॉर्सपॉवरची मोटर चालताना सुमारे साडेसात अँपिअर घेते. पंधरा मोटरींचे झाले ११२. डीपी खुशाल पेलेल! पण मोटर सुरू होताना काही क्षण सहापटीपर्यंत ओढते. पंधराही एकदम सुरू झाल्या तर साडेसहाशेच्या वर. व्होल्टेज धाडकन पडतं, मोटर वेग घेत नाही, नुसती हुं हुं करत राहते आणि वाइंडिंग जळतं. डीपीत फ्यूजऐवजी जाड तार गुंडाळलेली असेल, तर डीपीही जाते. याच मोटरी एकेक करून सुरू केल्या, तर शेवटच्या वेळीसुद्धा भार दीडशेच्या आसपासच जातो, तोही क्षणभर.

या सगळ्याचं मूळ आहे ऑटोस्विच. लाईट आली की तो सगळ्यांचे पंप एका क्षणी चालू करतो. रात्री दोनला अंधारातून, साप-विंचवातून विहिरीवर कोण जाणार, हे तुमचं म्हणणं खरं आहे. तरी ऑटोस्विच काढणंच बरं. अगदीच जमत नसेल तर उशिरानं चालू करणारा टायमर बसवा, आणि एका डीपीवरच्यांनी बसून मिनिटं वाटून घ्या : एकाचा एक मिनिटानं, दुसऱ्याचा दोन मिनिटांनी. सगळ्यांनी एकच वेळ लावली तर टायमरचा काही उपयोग नाही.

दुसरं, कपॅसिटर. मोटर कामाशिवायचा काही प्रवाह डीपीकडून ओढते; तो कपॅसिटर जागेवरच पुरवतो. डीपीवरचा भार हलका होतो, व्होल्टेज सुधारतं. तीन हॉर्सपॉवरला १, पाचला २ आणि साडेसातला ३ केव्हीएआरचा लावा. पुष्कळ ठिकाणी तो पेटीत असतो, पण वायर सुटलेली असते. एकदा वायरमनकडून बघून घ्या.

२०१७ पासून सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्याची योजना राज्यात आहे. तुमच्या फीडरला ती मिळाली तर रात्रीची पायपीट वाचेल; डीपीचा हिशेब मात्र हाच राहील.

आणि फ्यूज गेला म्हणून कुणी डीपीवर चढू नका. वायरमन खांबावर चढण्याआधी सबस्टेशनातून परमिट घेतो. ते परत येईपर्यंत ऑपरेटर फीडर चालू करत नाही. तुम्ही वर आहात हे त्याला ठाऊकच नसतं. वायरमनलाच बोलवा, डीपीवर रंगवलेला नंबर सांगितला की त्याला जागा लगेच कळते.