दोन वाघिणींमधला माणूस

कर्जतला घाट चढवायला गाडीच्या मागे ढकलणारं बँकर इंजिन लागतं तेव्हा डब्याला एक हलका धक्का बसतो आणि वडापाव घ्यायला उतरलेली मंडळी लगबगीने परत चढतात. हा धक्का डबे जोडणाऱ्या कपलिंगचा. रेल्वेने जाणाराही त्याच्याकडे सहसा लक्ष देत नाही. युरोपात मात्र याच कपलिंगपायी गेली कित्येक वर्षं डझनभर देशांचे अभियंते एकत्र बसत आहेत.

जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये मालगाडीच्या दोन वाघिणी जोडायच्या असल्या, की आजही एक माणूस बफरांच्या मधे वाकून शिरतो. वीस किलोंहून जड स्क्रू कपलिंग उचलून समोरच्या हुकात अडकवतो, पिळून आवळतो, मग हवेची नळी जोडतो. प्रत्येक जोडाला हेच. शेवटी ब्रेक तपासायला गाडीच्या टोकापासून टोकापर्यंत चालायचं. तोवर ट्रक माल भरून हमरस्त्याला लागलेला असतो. युरोपीय संघात जमिनीवरून जाणाऱ्या मालातला सुमारे सहावा हिस्साच रेल्वेकडे उरला आहे. त्याची कारणं अनेक आहेत, यार्डात जाणारा वेळ हे त्यातलं एक.

आपोआप अडकणारं कपलिंग काही नवं नाही. अमेरिकेने १८९३ मध्ये कायदाच करून ते सक्तीचं केलं. जपानने कित्येक वर्षं तयारी केली, नवी कपलिंगं वाघिणींखाली टांगून ठेवली आणि जुलै १९२५ मध्ये होन्शू बेटावरची अदलाबदल जवळपास एका दिवसात उरकली. जपानला ते जमलं, कारण मुख्य रेल्वेमार्गांचं राष्ट्रीयीकरण आधीच झालेलं होतं आणि मालक एकच होता. युरोपात वाघिणी चार-पाच लाख, मालक शेकड्यांनी, आणि एकच वाघीण आज हॅम्बुर्गला तर परवा मिलानला. एकट्याने नवं कपलिंग बसवलं तर जोडणार कोणाशी? आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेने, म्हणजे यूआयसीने, १९७० च्या दशकात पूर्व युरोपला सोबत घेऊन हा बदल ठरवलाही होता. तारखा पुढे गेल्या आणि शेवटी बेत बारगळला. यंत्र तयार होतं, एकमत आणि पैसा नव्हता.

म्हणून संशोधनाचं संयोजन हेच स्वतंत्र काम मानावं लागलं. २०१४ मध्ये युरोपीय संघाने ‘शिफ्ट टू रेल’ नावाचा संयुक्त उपक्रम उभा केला. अंदाजपत्रक सुमारे ९२ कोटी युरोंचं. त्यातले जास्तीत जास्त ४५ कोटी संघाचे, उरलेला वाटा उद्योगांनी उचलायचा. एरवी निविदांमध्ये एकमेकांचे गळे धरणाऱ्या सीमेन्स, आल्स्टॉम आणि बॉम्बार्डियर इथे संस्थापक सदस्य म्हणून एका टेबलाशी. सोबत ब्रिटनची नेटवर्क रेल आणि स्वीडनची वाहतूक यंत्रणा. ही बड्यांचीच पंगत होऊ नये म्हणून निधीचा एक हिस्सा सदस्य नसलेल्या विद्यापीठांसाठी आणि छोट्या कंपन्यांसाठी वेगळा काढला. २०२१ च्या अखेरीस ‘युरोप्स रेल’ हा उपक्रम त्याचा वारस झाला. त्यात एक गट नव्या गोष्टी घडवतो. दुसरा, सगळ्या रेल्वे मिळून एक यंत्रणा कशी दिसावी, हे ठरवतो. माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड आहे आणि त्याचं कौतुक कमी होतं.

आता प्रतिस्पर्धी आपली गुपितं उघड न करता एकत्र काम करतात कसे? कपलिंगचंच पाहा. कपलिंगच्या तोंडाचा आकार, हवेच्या नळीची जागा, वीज आणि माहिती वाहणाऱ्या तारांची जोडणी, एवढं सर्वांनी मिळून ठरवायचं, म्हणजे कोणाचंही कपलिंग कोणाशीही जुळेल. आतला सांगाडा, धातू, स्प्रिंग हे ज्याचं त्याचं. तोंड एक, पोट वेगळं. स्पर्धा होते ती पोटात.

तोंड कोणतं घ्यायचं, यावर अर्थातच वाद झाला. तेव्हा वेगवेगळ्या घडणीचे नमुने खऱ्या वाघिणींवर बसवून, रुळांवर चालवून आणि एकमेकांवर आदळवून पाहिले. २०२१ मध्ये मेट्रो आणि लोकल गाड्यांवर मुरलेल्या शार्फेनबर्ग घडणीवर एकमत झालं. नमुन्यांची गाडी देशोदेशी फिरवली, ती नुसती मिरवायला नव्हे. स्थानिक रेल्वेवाल्यांनी स्वतः जोडून पाहिल्याखेरीज त्यांचा विश्वास बसत नाही.

तंत्र ठरलं, तरी हिशेबाची गाठ राहते. कपलिंगचा खर्च वाघिणीच्या मालकाचा, यार्डात वाचणारा वेळ गाडी चालवणाऱ्याचा, आणि मोकळ्या झालेल्या रस्त्याचा फायदा सगळ्या समाजाचा. शिवाय जुनी-नवी कपलिंगं शेजारी शेजारी चालवण्याचा काळ जितका लांबेल तितका खर्च वाढतो. त्यामुळे कोणत्या देशातल्या कोणत्या वाघिणी आधी बदलायच्या, याचं वेळापत्रक बांधणं हाही संशोधनाचाच भाग ठरतो. तिथे अभियंत्यांपेक्षा अर्थतज्ज्ञांची कसोटी लागते. युरोपभरची अदलाबदल अजून झालेली नाही.

आपल्याकडे रेल्वेच्या संशोधन संस्थेने, म्हणजे लखनौच्या आरडीएसओने, मंजूर केलेलं एकच रेखाचित्र देशभर चालतं. म्हणून भुसावळच्या यार्डात आपल्या मालवाघिणींना बाजूचे बफर दिसत नाहीत, मधोमध एकच मुठीसारखं कपलिंग दिसतं. ते आपोआप अडकतं. पण हवेच्या नळ्या जोडायला पॉइंट्समनला अजूनही दोन वाघिणींमध्ये शिरावं लागतं.