तांड्याचा ठेवा

मार्गशीर्ष वद्यांत माळेगांवच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हां नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकरी लाल कंधारी व देवणी गुरें पाहण्यास तेथें जमतात. खोंडाचा खांदा, खूर व चाल न्याहाळीत असतां त्याच गर्दींत आरशांचे तुकडे जडविलेली काचळी व फेटिया ल्यालेली एखादी वृद्ध लमाण स्त्री दृष्टीस पडते. आपण क्षणभर पाहतों व पुढें जातों. तिच्यामागून चालणाऱ्या सुनेच्या अंगावर मात्र तो पोशाख नसतो, आणि नातीच्या तोंडीं ती बोलीहि बहुधा नसते. ज्या लोकांनीं शतकानुशतकें बैलाच्या पाठीवर या देशाचें धान्य वाहिलें, त्यांचा ठेवा आपल्या डोळ्यांदेखत कसा सरत चालला आहे व तो राखण्यास काय करितां येईल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

बंजाऱ्यांस आपल्याकडे लमाण म्हणतात. लवण म्हणजे मीठ. तें वाहून नेणारा तो लमाण, अशी या नांवाची उपपत्ति सामान्यतः सांगतात. ते स्वतःस गोर म्हणवितात व त्यांची बोली राजस्थानी बोलींस जवळची आहे. सतराव्या शतकांत या देशांत फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्न्ये यानें दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेंत पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. कोणी धान्य, कोणी तांदूळ, कोणी डाळी, तर कोणी मीठ वाहत असे. मोंगलांच्या दक्षिणेंतील फौजांस रसद याच लोकांनीं पुरविली, व १८०३ च्या मराठ्यांवरील मोहिमेंत आर्थर वेलस्लीसहि त्यांच्याच बैलांवर भिस्त ठेवावी लागली. या धंद्यास ते लदेणी म्हणत. एका मुलुखांत पीक बुडालें असतां दुसऱ्या मुलुखाचें धान्य तेथें पोंचविण्याचें मोठें साधन त्या काळीं लदेणी हेंच होतें.

पुढें पक्क्या सडका झाल्या व आगगाडी आली. १९०० च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यांतून हैदराबाद-मनमाड लोहमार्ग नांदेडवरून गेला. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोंचली. लदेणी बसली. इंग्रजी अमलांत १८७१ च्या कायद्यानें अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांतून बंजारेहि सुटले नाहींत. तो शिक्का १९५२ सालीं निघाला. गोणी उतरवून या लोकांनीं नांगर धरला तो बहुधा गांवकुसाबाहेरच्या हलक्या, मुरमाड व उताराच्या जमिनींत. कारण काळी जमीन आधींच वाटली गेली होती. किनवट, माहूर, मुखेड, कंधार, जळकोट या तालुक्यांतील तांडे आजहि बहुधा अशाच ठिकाणीं आहेत. तरीहि ज्या समाजानें शेती उशिरां हातीं घेतली, त्याच समाजांतून पुसद तालुक्यांतील गहुली येथें १ जुलै १९१३ रोजीं वसंतराव नाईक जन्मले. १९६३ पासून १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीचा प्रसार त्यांच्या कारकीर्दींत झाला, त्यांचा जन्मदिवस राज्यांत कृषिदिन म्हणून पाळतात, व परभणीच्या कृषि विद्यापीठास २०१३ पासून त्यांचें नांव आहे.

आतां ठेवा म्हणजे काय, तें पाहूं. तांड्याचा इतिहास कागदावर नाहीं; तो गळ्यांत आहे. होळीस डफावर म्हटलेली लेंगी, सासरीं निघालेल्या नवरीचा ढावलो, सेवालाल महाराजांच्या नांवें होणारा भोग व अरदास, नायक व कारभारी यांच्यासमोर तंटा मिटविण्याची रीति, ह्या सर्व गोष्टी ऐकून शिकावयाच्या आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीनें विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे ती तीज. श्रावणांत कुमारिका नायकाची अनुज्ञा घेऊन लहान टोपल्यांत माती व खत भरतात व त्यांत गहूं पेरतात. नऊ दिवस त्या गाणीं म्हणत टोपल्यांस पाणी घालतात. कोणाची तीज दाट व उंच आली याची चढाओढ चालते. शेवटीं ते कोंब वडील मंडळींस देतात व उरलेले पाण्यांत सोडतात. साठविलेल्या गव्हाची पेरणी कार्तिकांत व्हावयाची. त्याआधीं दोनतीन महिने त्याचे चार दाणे ओल्या मातींत टाकून पाहणें, यालाच आपण आज उगवणशक्तीची परीक्षा म्हणतों. तीज त्याच हेतूनें सुरू झाली असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु बियाण्याकडे इतक्या प्रेमानें पाहण्यास मुलींस शिकविणारा दुसरा सण आम्हांस ठाऊक नाहीं.

हा ठेवा सरण्याचीं कारणें तीन आहेत. पहिलें कारण पोटाचें. हलक्या जमिनीवर वर्ष निघत नाहीं, म्हणून दिवाळीनंतर कित्येक तांडे ऊसतोडीस बाहेर पडतात व उन्हाळा लागल्यावर परततात. होळीची लेंगी मग उसाच्या फडांतच होते किंवा होतच नाहीं. आजी तांड्यावर व नातवंडें कोपीवर, अशी ताटातूट होऊन शिकविणारा व शिकणारा एके ठिकाणीं राहत नाहींत. दुसरें कारण लिपीचें. या बोलीस स्वतःची लिपि नाहीं. महाराष्ट्रांत ती देवनागरींत, कर्नाटकांत कानडींत व तेलंगणांत तेलुगूंत लिहितात. १९५६ सालीं हैदराबाद राज्याची वांटणी झाली, तेव्हां किनवट-मुखेडचे सोयरे एका राज्यांत व आदिलाबाद-बीदरचे दुसऱ्या राज्यांत गेले. बोलणें एकमेकांस कळतें, लिहिलेलें कळत नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत ही मातृभाषा सांगणारे ३२ लाखांवर लोक होते, परंतु त्यांची गणना हिंदीच्या सदराखालीं झाली. तिसरें कारण लाजेचें. शाळेंत व बाजारांत ज्या बोलीस हंसतात, ती बोली आईबाप मुलांशीं बोलेनासे होतात. या तिसऱ्या कारणास तांडा जबाबदार नाहीं. गांव जबाबदार आहे, व गांवांत आपण आलों.

असा प्रसंग जगांत दुसऱ्या शेतकऱ्यांवरहि आला आहे. १७६३ सालीं रशियाच्या कॅथेरिन राणीनें परक्या शेतकऱ्यांस बोलाविलें, तेव्हां पुष्कळ जर्मन कुटुंबें व्होल्गा नदीकांठीं व पुढें काळ्या समुद्राच्या उत्तरेस येऊन वसलीं. शंभर वर्षें त्यांनीं आपली बोली व धर्म राखला. १८७४ सालीं त्यांची लष्करी चाकरींतून असलेली सूट गेली, तेव्हां त्यांतील हजारों लोक अमेरिकेस निघाले. कॅन्सस प्रांतांत गेलेल्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांनीं बरोबर टर्की नांवाचा हिंवाळी गहूं नेला. तेथील कठीण गव्हाच्या शेतीचा पाया त्यानें घातला. मागें व्होल्गाकांठीं राहिलेल्यांस १९४१ सालीं सैबेरियांत व कझाकस्तानांत हांकून दिलें. अमेरिकेंतील नातवंडें मात्र इंग्रजी बोलूं लागलीं व आजोबांचें गांव नकाशावर कोठें होतें हेंहि विसरलीं. तेव्हां १९६८ सालीं त्यांनीं संस्था काढली व गांवांच्या याद्या, वंशावळी, जुनीं पत्रें, गाणीं व खाद्यपदार्थांच्या कृति गोळा करण्यास आरंभ केला. काम मोठें झालें. पण ज्यांस विचारावयाचें ते बहुतेक तोंवर गेले होते.

आपल्याकडे सांगणारे अजून आहेत, हेंच आपलें भाग्य. वाशीम जिल्ह्यांत पोहरादेवी येथें ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा समाजाच्या वारशाचें संग्रहालय उघडलें, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु संग्रहालयांत काचळी ठेवतां येते. ढावलो म्हणणारी आजी ठेवतां येत नाहीं. म्हणून तीन गोष्टी सुचवितों. पहिली : ज्याच्या घरीं शिकलेला मुलगा वा मुलगी आहे, त्यानें आजीआजोबांचीं गाणीं ध्वनिमुद्रित करावींत व देवनागरींत उतरवावींत. सांगणाऱ्याचें नांव, तांडा व तारीख लिहिण्यास विसरूं नये. दुसरी : लदेणीच्या वाटा, मुक्काम, पाणवठे व नायकांच्या पिढ्या वृद्धांस विचारून वहींत नोंदवाव्यात, वहीची एक प्रत गांवच्या वाचनालयांत ठेवावी. तिसरी : ज्यांच्या शेतावर वा फडावर तांड्यावरचे लोक कामास येतात, त्यांनीं होळीचे दोन दिवस काम बंद ठेवावें. त्यास खर्च थोडा आहे, फळ मोठें आहे.

जुन्या ज्वारीचें बियाणें एकदां मोडलें म्हणजे पैसा देऊनहि मिळत नाहीं, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. बोलीचें व गाण्याचें तसेंच आहे. येत्या श्रावणांत शेजारच्या तांड्यावर तीज बसेल, तेव्हां वाचकांनीं तेथें पाहुणे म्हणून अवश्य जावें, आणि आपल्या मुलांसहि बरोबर न्यावें.