मूर्तींचा भार आणि गाडीचे पाटे

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यांतील जोहे, हमरापूर व आसपासच्या गांवांतून घरोघर गणेशमूर्तींचे कारखाने चालतात. भाद्रपदांतील चतुर्थीच्या कित्येक महिने आधींपासून येथून कच्च्या व रंगविलेल्या मूर्ति मुंबई, ठाणें, पुणें व त्याही पलीकडे रवाना होऊं लागतात. वर्षभराची मेहनत, उसनवारीनें आणलेली माती व रंग, कारागिरांची मजुरी हें सारें एका दिवशीं एका गाडीवर चढतें. आणि त्या गाडीच्या मागील भागाचा भार आंसाच्या दोन बाजूंस बसविलेल्या पोलादी पट्ट्यांच्या दोन जुडग्यांवर टेकलेला असतो. या पट्ट्यांना बोलींत पाटे म्हणतात आणि संबंध जुडग्याला कमान. वाटेंत मूर्तीचा हात मोडला, तर दोष रस्त्याला दिला जातो, क्वचित् चालकाला. पाट्यांकडे वांकून पाहण्याचें मात्र बहुधा कोणाला सुचत नाहीं.

कोंकणांत माल वाहण्यासाठीं टेंपोच्या जोडीनें कॅम्पर जातीची गाडीही दिसते. पुढें माणसांसाठीं आसनांच्या दोन ओळी आणि मागें उघडा हौदा, अशी तिची रचना असते. महिंद्र कंपनीची बोलेरो कॅम्पर हें तिचें परिचित उदाहरण होय. तिच्या एका प्रकारांत इंजिनाची ओढ चारही चाकांना देतां येते, आणि आषाढांतील चिखलांत तिचा उपयोग होतो. परंतु यावरून एक गैरसमज उत्पन्न होतो. चारही चाकें ओढूं लागलीं म्हणजे गाडी अडत नाहीं, हें खरें. पण तेवढ्यानें ती अधिक वजन पेलूं लागते, असें नाहीं. ओढणें निराळें आणि पेलणें निराळें. पेलण्याचें काम पाट्यांचें, आंसाचें, टायरांचें आणि चौकटीचें आहे.

कमानीचें तत्त्व साधें आहे. बैलगाडीला कमान नसते, म्हणून रस्त्यांतील प्रत्येक दगड बसणाऱ्याच्या अंगापर्यंत पोहोंचतो; टांग्याला कमान असते, म्हणून तोच दगड सौम्य होऊन येतो. पोलाद जेवढें दाबावें तेवढ्याच प्रमाणांत तें वांकतें व दाब निघतांच मूळ स्थितीवर येतें, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें 1678 सालीं स्पष्ट करून मांडला. पुढें 1804 सालीं ओबडाया एलियट या लंडनच्या गाडी-कारागिरानें घोडागाडीसाठीं अंडाकृति कमानीचें पेटंट घेतलें. आजच्या मालगाडीची कमान त्या अंडाकृतीचा अर्धा भाग होय. सर्वांत लांब पाटा वर असतो व त्याच्या दोन्ही टोकांना डोळे वळविलेले असतात. त्याखालीं क्रमानें आंखूड पाटे येतात. मध्यभागीं सर्व पाट्यांतून एक सेंटर बोल्ट जातो, आणि सारें जुडगें यू-बोल्टांनीं आंसाशीं आवळलेलें असतें. पुढचा डोळा चौकटीला पक्का जोडलेला, तर मागचा शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्याला अडकविलेला असतो. भार आला कीं कमान सपाट होते आणि त्याबरोबर लांबतेही. त्या वाढीव लांबीला वाट मिळावी, म्हणून हा झुलता दुवा.

असा पाटा एकाएकीं मोडतो, असें वाटतें; वस्तुतः त्याची झीज फार आधींपासून चाललेली असते. लाखों वेळां वांकून सरळ होतां होतां पोलाद थकतें. भाराखालीं पाट्याच्या वरच्या पृष्ठभागावर ताण येतो. तेथें गंजाचा बारीक खड्डा पडला, तर तडा तेथूनच सुरू होतो. खाडीकांठच्या खाऱ्या हवेंत हा गंज लवकर धरतो. यू-बोल्ट सैल झाले, तर कमान सेंटर बोल्टाच्या छिद्रापाशींच वांकूं लागते. आणि छिद्राची जागा पाट्यांतील सर्वांत दुबळी जागा असल्यामुळें मोड बहुधा तेथेंच होतो.

ही झीज ओळखण्यासाठीं फार मोठ्या उपकरणांची गरज नाहीं. रिकामी गाडी सपाट जागीं उभी करून आंस व चौकट यांमधील अंतर दोन्ही बाजूंस मापावें, आणि नेहमींचा भार चढवून पुन्हां मापावें. दोन बाजूंत ठळक फरक आढळला, किंवा रिकाम्या गाडीचेही पाटे सपाट दिसले, तर कमान बसली असें समजावें. चौकटीखालील थोपविणारें रबर ठेंचलेलें असणें, टायर हौद्याच्या कडेला घांसणें, रात्रीं पुढच्या दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपणें, या तिच्याच खुणा. गाडी सरळ चालूनही मागचीं चाकें एका बाजूस सरकलेलीं दिसलीं, तर सेंटर बोल्ट तुटून आंस जागचा हलला असण्याची शंका घ्यावी, व गाडी तेथेंच थांबवावी.

यावर तीन उपाय सुचविले जातात. पहिला, जुने पाटे ठोकून त्यांना पुन्हां बाक देणें. हा स्वस्त खरा, पण थकलेलें पोलाद ठोकल्यानें तरुण होत नाहीं. पाट्याचें पोलाद सिलिकन व मँगनीज मिसळलेलें असतें. तें सुमारें 850 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलांत विझवितात, आणि मग सुमारें 450 ते 500 अंशांवर पुन्हां तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. हें पाणी देण्याचें काम मोजून मापून करावें लागतें. भात्यावर अंदाजानें तापविलेला पाटा एक तर मऊ पडतो, नाहीं तर ठिसूळ होतो.

दुसरा उपाय म्हणजे एकदोन जादा किंवा अधिक जाड पाटे भरणें. येथें थोडा हिशेब केला पाहिजे. कमानीचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणांत वाढतो, पण जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणांत वाढतो. 8 मिलिमीटर जाडीच्या जागीं तेवढ्याच लांबीरुंदीचा 10 मिलिमीटरचा पाटा घातला, तर त्या पाट्याचा कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. भाराखालीं 10 सेंटिमीटर दबणारी कमान सेकंदास सुमारें दीड हेलकावा घेते. केवळ अडीच सेंटिमीटर दबणारी तीनांहून अधिक. पहिला हेलकावा पाळण्यासारखा, दुसरा चाळणीसारखा. सिमेंटच्या गोण्यांना त्याचें कांहीं वाटत नाहीं; गणपतीच्या बोटांना, सोंडेला व उंदराच्या कानांना फार वाटतें. म्हणजे मूर्ति सुरक्षित जाव्या, म्हणून गाडी बळकट करावी, आणि त्या बळकटीनेंच मूर्तींना तडे जावे, असा हा प्रकार आहे.

तिसरा उपाय, कारखान्यानें त्या गाडीसाठीं ठरविलेल्या मापाचा नवा संच दोन्ही बाजूंस एकदम बसविणें. एकच बाजू बदलली, तर नवी कमान उंच व जुनी खोल राहून गाडी कलते. खर्च दुप्पट दिसला तरी हाच मार्ग अखेर स्वस्त पडतो.

बदलण्याच्या कामांत पहिली काळजी माणसाची. हातब्रेक बहुधा मागच्याच चाकांना धरतो; मागची बाजू उचलतांच त्याची पकड निरुपयोगी होते. यासाठीं पुढच्या चाकांना दोन्हींकडून उटी लावावी, चौकट जॅकनें उचलून भक्कम घोडीवर टेकवावी, आणि केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीं गाडीखालीं शिरूं नये. आंसाला दुसऱ्या जॅकचा आधार द्यावा. कमानीवरील ताण निघाल्यावरच शॉकॲब्सॉर्बरचें खालचें टोक, यू-बोल्ट, शॅकल व पुढची पिन या क्रमानें जोड सोडवावे. नवी कमान बसवितांना सेंटर बोल्टाचें डोकें आंसावरील बैठकीच्या खळग्यांत नीट उतरलें पाहिजे. यू-बोल्ट व त्यांच्या चाक्या नव्याच घ्याव्या, कारण जुने ताणलेले असतात. त्या आळीपाळीनें, समोरासमोर, सारख्या आवळाव्या. बुश रबराचे असल्यास डोळ्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरल्यानंतरच शेवटचे आवळावे. अधांतरीं आवळल्यास रबर पिळलेलें राहतें व लवकर फाटतें. भार घालून थोडा प्रवास झाल्यावर यू-बोल्ट पुन्हां एकदां तपासणें हें कामाचें शेवटचें, आणि बहुतेक विसरलें जाणारें, अंग आहे.

कमान मुळापेक्षां उंच केल्यास आणखी दोन ठिकाणीं परिणाम होतो. मागील आंसाकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा कोन बदलतो व त्याचे क्रॉस थरथरून झिजतात. शिवाय कांहीं गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर आंस व चौकट यांतील अंतर पाहून कमीअधिक करणारी झडप असते. जादा पाट्यांमुळें भरलेली गाडीही उंच राहिली, तर ही झडप तिला रिकामी समजते, आणि घाटाच्या उतारावर मागचा ब्रेक नेमका कमी पडतो.

भाराची मर्यादा मोडणाऱ्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्यें, 2019 च्या दुरुस्तीनुसार, 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये असा दंड सांगितला आहे. पाटे वाढविल्यानें ही मर्यादा वाढत नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक मातीच्या मूर्तींचा पुरस्कार आहे. आणि शाडूची मूर्ति त्याच उंचीच्या प्लास्टरच्या पोकळ मूर्तीहून जड व अधिक नाजूक असते. तेव्हां हौदा तेवढाच भरलेला दिसला, तरी वजन तेवढेंच असेल असें नव्हे. हौदा पाहून नव्हे, वजनकांट्यावर पाहून गाडी भरावी. जेथें एका खेपेंत जमत नाहीं, तेथें दोन कराव्या.

कोंकणांतला शहाणा गृहस्थ घर शाकारतो तें मृगापूर्वीं. पाणी गळूं लागल्यावर नव्हे. पाट्यांचेंही तसेंच आहे. पहिली मूर्ति गाडींत चढण्यापूर्वीं, वैशाखाच्या कोरड्या दिवसांत, गाडीखालीं एकदां वांकून पाहिलें, तर चतुर्थीच्या आदल्या आठवड्यांत महामार्गाच्या कडेला, पेंढ्यांत गुंडाळलेल्या मूर्ति भर पावसांत दुसऱ्या गाडींत चढविण्याचा प्रसंग टळतो. मुंबईच्या घरांत मखरांत बसलेल्या मूर्तीची बोटें अभंग पाहून हात जोडणाऱ्याला या पाट्यांची आठवण होण्याचें कारण नाहीं. ती जोह्याच्या कारखानदारानें ठेवावयाची आहे.