पित्तनलिकेतील स्टेंट : बरे वाटले तरी तारीख पाळा

पित्तनलिकेत खडा अडकला किंवा एखाद्या गाठीमुळे ती दबली, की पित्त तुंबते आणि कावीळ होते. अशा वेळी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिकेत स्टेंट ही बारीक नळी बसवतात. पित्त आतड्यात उतरू लागते, कावीळ ओसरते, भूक लागते. रुग्णाला बरे वाटते आणि पुढची तारीख राहून जाते.

प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. त्यावर जंतूंचा थर चढतो, गाळ साचतो आणि काही महिन्यांत तो बुजतो. म्हणून तो साधारण ३ महिन्यांच्या आत काढतात किंवा बदलतात. धातूचा जाळीदार स्टेंट रुंद असल्याने जास्त टिकतो, पण तोही बुजू शकतो. क्वचित स्टेंट जागेवरून सरकतो. वर्षानुवर्षे आत राहिलेल्या स्टेंटभोवती खडे तयार होतात आणि तो काढणे अवघड होऊन बसते.

एक गैरसमज वारंवार दिसतो : ‘पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, तेव्हा स्टेंटही काढला असेल.’ तसे गृहीत धरू नका. स्टेंट पित्ताशयात नसून पित्तनलिकेत असतो आणि सहसा तो वेगळ्याने, दुर्बिणीतूनच काढावा लागतो. डिस्चार्ज कार्ड पाहा. स्टेंट कोणता, कधी बसवला, कधी काढायचा हे त्यावर नसेल तर विचारून लिहून घ्या आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

थंडी वाजून ताप, डोळे पुन्हा पिवळे होणे, गडद लघवी, पांढुरकी शौच, अंगाला खाज, पोटात उजवीकडे वर दुखणे, ही स्टेंट बुजल्याची लक्षणे असू शकतात. यातला थंडी-ताप सर्वांत धोक्याचा. जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा आणि ‘पित्तनलिकेत स्टेंट आहे’ हे आधी सांगा. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. काविळीच्या गावठी औषधाने बुजलेली नळी मोकळी होत नाही. वयस्कर माणसांना कधी फारसा ताप येतच नाही. ती फक्त गळून जातात किंवा असंबद्ध बोलतात.

स्टेंट बसवलेले रुग्णालय लांब असेल, तर ईआरसीपीची सोय असलेल्या जवळच्या पोटविकारतज्ज्ञांकडे जुने कागद घेऊन जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्या स्वतःहून बंद करू नका.