डॉ. भाऊ दाजी लाड

गोव्यातील मांद्रे हे भाऊंचे गाव. मातीच्या बाहुल्या विकणारे त्यांचे गरीब कुटुंब पुढे मुंबईला आले. बालिकाहत्येवरील निबंधाला भाऊंना ६०० रुपयांचे बक्षीस मिळाले. १८५१ मध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून उत्तीर्ण झाले. तेव्हा सरकारी वैद्यकीय सेवेतील वरची पदे गोऱ्यांकडे असत. देशी पदवीधराला सब-असिस्टंट सर्जनचे दुय्यम पद मिळे. १८५५ पासून वरच्या पदांसाठी स्पर्धा परीक्षा खुली झाली, पण ती लंडनमध्ये होई. भाऊंनी मात्र खासगी वैद्यकीय व्यवसाय केला, गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला आणि कडू कवठाच्या बियांचे तेल कुष्ठरोग्यांवर वापरून पाहिले. १८६९ व १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले.