विमानाचं नाक आणि तापकीर गल्लीतलं बटण

घराच्या गच्चीवर विमान! कांदिवलीतल्या चारकोपच्या कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट आठवतेय ना? त्यांचं सहा आसनी विमान २०१६च्या 'मेक इन इंडिया' वीकमध्ये मुंबईकरांनी डोळे भरून पाहिलं. २०१७मध्ये डीजीसीएकडे नोंदणी झाली, उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं. सगळे इंजिनाबद्दल विचारतात. मी मात्र अडकले शेपटीपाशी.

शेपटीच्या आडव्या पंखाला मागे जी हलती फळी असते, ती एलेव्हेटर. स्टिक ओढली की फळी वर, शेपटी खाली, नाक वर. सोप्पं! पण वेग बदलला, मागे कुणी जाडजूड मित्र बसला, की नाक आपलं आपणच वर-खाली व्हायला बघतं. मग दोन तास स्टिक दाबून धरायची? हात भरून येईल राव! त्यासाठी ट्रिम. एलेव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी असते. ती खाली झुकली की हवाच एलेव्हेटरला वर ढकलून धरते. हात मोकळा.

घरी बांधलेल्या बऱ्याच विमानांत ही पट्टी छोटी मोटर हलवते, बटण स्टिकवर. माझा एक मित्र (सोमवार ते शुक्रवार हिंजवडी, वीकेंडला 'पायलट') घरच्या सिम्युलेटरसाठी तसंच बटण शोधत होता. म्हणून आम्ही बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत. दुकानदार काकांनी दाखवलेलं बटण दाबलं की दाबलेलंच राहायचं.

"अहो, सगळे हेच नेतात!"

"काका, दिवा चालू राहिला तर बिल येतं. हे चालू राहिलं तर विमान नाक खुपसतं."

खरंय. बोट उचलताच बटण मधोमध परत यायलाच हवं. अडकलं, तर मोटर पट्टीला टोकापर्यंत नेते आणि स्टिक भयंकर जड होते. अशा वेळी वेग कमी करायचा आणि ट्रिमचा ब्रेकर ओढायचा, म्हणून तो हाताशीच हवा. मागे वजन जास्त झालं असेल तर मात्र ट्रिमचा उपयोग नाही. स्टिक नको तितकी हलकी होते, विमान उधळतं. तिथे आधी वजनकाटा!

आणि हो, वायरी उलट्या जोडल्या गेल्या तर? म्हणून उडण्याआधी एकाने आत बसून 'नाक खाली' दाबायचं, दुसऱ्याने शेपटीमागे उभं राहून बघायचं. पट्टी वर गेली पाहिजे.